रीता सिस्टरची बरणी

रीता सिस्टरचा आवाज आमच्या आरोग्य केंद्रात औषधाच्या खिडकीपर्यंत येतो, आणि प्रसूतीची खोली आहे पार दुसऱ्या टोकाला. खिडकीआड मी बसते, चंदा तुरकर, औषधनिर्माती. आतून रीता एखादीवर "जोर लाव वो बाई, जोर लाव" म्हणून ओरडली की बाहेर बाकावर बसलेले सर्दी-खोकल्याचे पेशंटही श्वास रोखून धरतात. इटियाडोह धरणाच्या पाण्यावर पिकणाऱ्या या धानाच्या गावांमध्ये तिच्या हाती न आलेलं पोर शोधावं लागेल. माया भरपूर, पण जिभेला लगाम नाही. मला ती आवडते, कारण माझ्याही जिभेला नाही.

एका गोष्टीवरून मात्र गावातल्या सगळ्या म्हाताऱ्यांशी तिचं वाकडं आहे. बाळ झाल्यावर मागून वार पडते. नियमाप्रमाणे ती पिवळ्या पिशवीत जाते आणि केंद्रामागच्या सिमेंटच्या खड्ड्यात पुरली जाते. म्हाताऱ्यांना हे मंजूर नाही. वार घरच्या मातीत पुरली की पोर घराला धरून राहतं, असं त्या मानतात. म्हणून नातू झाल्याचा पेढा तोंडात जायच्या आत एखादी दारात उभी राहते, "सिस्टर, तेवढी वार द्या जी." रीता म्हणते, "नाही भेटत. तुमी पुरता, आमी बी पुरतो. सरकारी खड्डा तुमच्याहून खोल हाय."

तिच्या घरीही हेच दुखणं होतं. तिची सासू मनकर्णाबाई, जिला सगळं घर 'बाई' म्हणतं, तलाव बांधणाऱ्या कोहळी समाजातली. गावचा तलाव यांच्या पूर्वजांनी खोदलेला, त्यामुळे मातीच्या बाबतीत बाईंचा शब्द शेवटचा. रीताचा एकुलता एक मुलगा मोहित गोंदियाच्या दवाखान्यात झाला. वार मागायला गेलेल्या बाईंना तिथल्या आयानं हाकलून लावलं. पोराला कावीळ झाली म्हणून काचेच्या पेटीत ठेवलं, तर नाळही तिथेच गळाली आणि तीही गेली. आता मोहित हैदराबादला नोकरी करतो आणि यंदा दिवाळीलाही आला नाही. बाईंचं निदान तयारच होतं. पोराचं घरच्या मातीत काहीच नाही, मग त्यानं यावं कशाला?

पोळ्याच्या सुमारास माझ्या लक्षात आलं, रीता माझ्याकडून लोहाच्या गोळ्या नेते आणि त्या वॉर्डात पोचत नाहीत.

"कोणाला देतेस?" मी विचारलं.

"मीच खातो. काऊन, आता मलेही चिठ्ठी पायजे का?"

मी तिच्याकडे नीट बघितलं. ओठ पांढरे पडले होते. कितीतरी महिने अंगावरून जात होतं आणि ही बया गडद साड्या नेसून रेटत होती. मला असा संताप आला! दुसऱ्या कुणी बाईनं हे केलं असतं तर रीतानं तिला उभी-आडवी झापली असती, आणि तेच मी तिला करायला लागले. ती भांडली नाही. स्टुलावर बसली आणि म्हणाली, "मले भेव लागून राहिलं, चंदा."

तेव्हा माझं झापणं थांबलं. रीताची आई अशीच गेली होती. तिनंही लपवलं, आणि दाखवायला नेलं तेव्हा डॉक्टरांनी नुसते हात वर केले. रीता तेव्हा नर्सिंगला होती, आईचं सगळं तिनंच केलं. पुढे काय काय होतं हे तिला माहीत होतं. आपल्याला नसतं माहीत, म्हणून आपण झोपू शकतो.

मी तिला ओढतच गोंदियाला नेलं. सोनोग्राफीत गर्भपिशवीत गाठी निघाल्या, आणि पिशवीचं आतलं अस्तर जाड निघालं. तपासायला काढलेला तुकडा अपुरा पडला. डॉक्टरीणबाई सरळ बोलणाऱ्या होत्या. म्हणाल्या, "पिशवी काढू. कॅन्सर आहे की नाही ते आज नाही सांगता येणार. आख्खी पिशवी लॅबमध्ये तपासली की मगच कळेल." त्या रिपोर्टवर सगळं अडलं होतं. नसेल तर तीन महिन्यांत कामावर, असेल तर नागपूर आणि पुढचं सगळं, म्हणजे आईचं सगळं. ही गोष्ट रीतानं मला आणि नवऱ्याला, ईश्वरदासला, एवढ्यांनाच सांगितली. बाईंना म्हणाली, पिशवीत गाठी आहेत. मोहितला म्हणाली, जरा अशक्तपणा आहे.

ऑपरेशन दिवाळीनंतर ठरलं. नर्सनं पेशंट होणं हा एक वेगळाच आजार आहे. पाठीत सुई कुठे टोचतात, टाके कुठे पिकतात, रक्ताची गुठळी पायातून छातीत कशी जाते, हे सगळं तिच्या डोक्यात फिरत राहायचं. बदलीवर येणाऱ्या सिस्टरला ती प्रसूतीची खोली दाखवत होती, तर मध्येच थांबून मला म्हणाली, "भूल उतरलीच नाही तं?" मी म्हणाले, "तर आम्हाला जरा शांतता मिळेल." हसली, पण हसू डोळ्यांपर्यंत गेलं नाही.

बॅग भरताना मी तिच्या घरी होते. जुनी सुती लुगडी, गाऊन, टॉवेल. शेवटी कपाटातून व्हिक्सची एक जुनी डबी काढून तिनं बॅगेच्या आतल्या कप्प्यात घातली.

"सर्दी झाली का?"

"नाही. राहू दे," ती म्हणाली आणि चेन ओढली.

मग ईश्वरदासला समोर उभं केलं. ईश्वरदास म्हणजे सज्जन शेतकरी. आख्खा संसार त्यानं 'हाव', म्हणजे हो, या एका शब्दावर काढला आहे.

"पिशवी काढली का ते बरणीत टाकून तुमच्या हाती देतीन. रस्त्यापलीकडं लॅब हाय, थेट तिथं नेऊन द्याची. समजलं?"

"हाव."

"काय समजलं?"

"बरणी. लॅब." हा माणूस इतकं बोलला, म्हणजे खरंच समजलं असणार.

ऑपरेशनच्या दिवशी मी ड्युटीवर होते. खिडकीशी येणाऱ्या प्रत्येकावर खेकसले, एकाला दोनदा तीच पुडी दिली. दुपारी ईश्वरदासचा फोन आला, सगळं नीट झालं, रीता शुद्धीवर आहे, पाणी मागून राहिली. मी विचारलं, "बरणी दिली ना?" तो म्हणाला, "हाव. मले रक्त आनाले पाठोलं, तं बाईच्या हाती देली. बाईनं नेऊन देली." बाई वडशाकडे जाणाऱ्या संध्याकाळच्या रेल्वेनं गावी परतल्या, घरी गुरं होती. मला त्यात काहीच वावगं वाटलं नाही.

रीता घरी आली आणि मग जे सुरू झालं ते पाहण्यासारखं होतं. गावातल्या ज्या ज्या बायकांना तिनं आजवर दटावलं होतं, त्या सगळ्या तिला बघायला आल्या. खोकताना पोटावर उशी धरली नाही की एकजण ओरडायची, "काऊन जी सिस्टर, आमाले तं मनत होत्या उशी धर!" तिनं पाण्याचा लोटा उचलला तर दुसरी हातातून काढून घ्यायची. पायऱ्या नाही, वजन नाही, झाडू नाही. तिचीच वाक्यं, तिच्याच चालीवर, तिच्याच अंगावर येत होती. एरवी ती यावर पोट धरून हसली असती. आता हसलं की टाके ओढायचे, आणि तिचं चित्तही थाऱ्यावर नव्हतं. फोन उशाशी असायचा. कुणाचाही आला की रंग उडायचा. अंगाला हात लावून ताप बघायची, मग थर्मामीटरनं बघायची, मग थर्मामीटर बिघडलाय म्हणायची.

टाके निघाले तरी रिपोर्ट आला नाही. ईश्वरदासनं दवाखान्यात फोन केला, ते म्हणाले लॅबला विचारा. लॅबचा फोन कुणी उचलेना. रीता मला म्हणाली, "खराब असल, म्हनून सांगून नाही राहिले. आपन नाही का असंच करत? नातेवाईक आल्याबिगर पेशंटले सांगतो का?" खरंच आपण तसंच करतो.

माझं घर गोंदियाजवळ फुलचूरला. सुट्टीला घरी गेले तशी मी थेट लॅबमध्ये जाऊन धडकले. तिथला माणूस शांतपणे म्हणाला, "मॅडम, इस नाम का कुछ आया ही नहीं." मी त्याला फैलावर घेतलं. निष्काळजी म्हटलं, पेशंटच्या जिवाशी खेळता म्हटलं, वर तक्रार करते म्हटलं. त्यानं बिचाऱ्यानं कपाट उघडून एकेक बरणी मला दाखवली. नव्हती. दुसरी पिशवी काही रीताला फुटणार नव्हती.

दुसऱ्या दिवशी मी तिच्या घरी गेले. कसं सांगू, कसं सांगू, असं गाडीभर घोकत होते, आणि समोर जाताच भडाभडा सांगून टाकलं. रीता खाटेवर उठून बसली. ईश्वरदासकडे बघितलं. ईश्वरदासनं दाराकडे बघितलं. दारात बाई उभ्या होत्या, हातात सूप.

"बाई," रीता म्हणाली, "बरणी कोनाले देली?"

"देली."

"लॅबमधी देली का?"

बाईंनी सूप खाली ठेवलं. पदराला हात पुसत राहिल्या. मग रीताच्या चेहऱ्यावर काहीतरी सरकलं. इतकी वर्षं दारातल्या म्हाताऱ्यांना परतवणारी ती, तिला कळायला वेळ लागला नाही.

"पुरली का?"

"मंग काय करू?" बाई एकदम उसळल्या. "ज्या पिशवीत माझा नातू नऊ महिने रायला, ते का कोना परक्याच्या कपाटात ठेवाची? त्याची वार नाही देली मले. नाळ नाही देली. हे तं माझ्या हाती आपसूक आली. मी कायले सोडू? सांदवाडीत पुरून टाकली, सीताफळीच्या बुडाशी. हळद-तांदूळ बी टाकलो."

रीताला मी आजवर हजारदा ओरडताना ऐकलंय, पण सासूवर कधीच नाही. त्या दिवशी ती ओरडली. "माझी माय गेली तसंच मले मारता का? मले कॅन्सर हाय का नाही ते त्या बरणीत होतं! आता कुठं पाहू?" एका हातानं पोट दाबून धरलं होतं. बाईंचं तोंड उघडंच राहिलं. कॅन्सर हा शब्द त्या घरात त्यांनी पहिल्यांदा ऐकला होता. त्या मटकन उंबऱ्यावर बसल्या. मला त्यांचा राग आला होता, प्रचंड आला होता, आणि तरी त्यांच्याकडे बघवेना. या घरानं सगळ्यांपासून सगळं लपवलं आणि आता सगळेच तोंडावर पडले.

मग रीतातली नर्स जागी झाली. आवाज खाली आला. "बाई, नीट आठवून सांगा. बरणीतून काढून पुरली, का बरणीसकट?"

त्या उत्तरावर सगळं होतं. बाहेर काढून मातीत टाकली असेल तर एव्हाना संपलं. बरणीत औषध असतं, ते मांस टिकवून ठेवतं. मी श्वास धरला, अगदी त्या बाकावरच्या पेशंटसारखा.

"काढतच होती," बाई रडत म्हणाल्या. "झाकन जरा फिरोलं तं असा वास आला, डोऱ्यात मिरची गेल्यासारखं झालं. मंग मनलं, राहू दे. झाकन गच्च लावलं अना तशीच ठेवली."

त्या औषधाचा वास आम्हाला सगळ्यांनाच नकोसा होतो. त्या दिवशी मी त्याचे पाय धरायला तयार होते.

सांदवाडी म्हणजे घरामागची मोकळी जागा, वांगी-मिरच्यांची. ईश्वरदासनं कुदळ घेतली, तशी रीता खिडकीतून ओरडली, "कुदळ नोको! हातानं!" बरणी फुटली तर? तो गुडघ्यावर बसून हातानं माती उकरू लागला. बाई पलीकडे बसून बोट दाखवत होत्या, इकडं, आनखी इकडं. आधी हळदीनं पिवळे झालेले तांदूळ निघाले. मग झाकण. बरणी आख्खी होती, आतलं औषधही जिथल्या तिथं. ईश्वरदास ती दोन्ही हातांत धरून तसाच बसून राहिला. मी नळाखाली धुतली, फडक्यात गुंडाळली, आणि गोंदियापर्यंत मांडीवर धरून नेली. गाडीत शेजारच्या बाईनं विचारलं, "लोणचं का?" मी हो म्हटलं.

लॅबच्या माणसानं बरणी उजेडात धरून पाहिली. म्हणाला, चलेगा. मी त्याची माफी मागितली. त्यानं चहा मागवला.

त्यानंतरचे दिवस आधीपेक्षा वाईट होते. ईश्वरदास खड्डा बुजवायला गेला, तर बाईंनी त्याला अडवलं. का, ते सांगेनात. बहुतेक त्यांना वाटत होतं, बरणी परत मिळेल. खड्डा तसाच राहिला. आणि रीताची खाट नेमकी त्या खिडकीशी. मी भेटायला गेले की ती तिकडेच बघत असायची. "माझ्यासाठीच खोदून ठेवल्यासारखा वाटते," एकदा म्हणाली. मी तिला गप्प बस म्हटलं, पण घरी जाताना मलाही तो खड्डा दिसत राहिला. सासू-सुना एकमेकींशी बोलत नव्हत्या. बाई पेजेचं ताट आणून ठेवायच्या, रीता खायची, ताट परत जायचं.

रिपोर्ट मीच आणला. डॉक्टरीणबाईंना दाखवून, दोनदा विचारून, मगच गाडीत बसले. घरात पाऊल टाकताच सांगितलं, उगाच कुणाला टांगून ठेवलं नाही. "कॅन्सर नाही. त्या वाटेला लागली होती पिशवी, पण पोचली नव्हती. आता निघाली, संपलं. नागपूर नाही, काही नाही. फक्त तपासायला जात राहायचं."

रीतानं कागद घेतला, वाचला, उलटा करून पाहिला, परत वाचला. मग तोंडावर पदर घेऊन रडली. ईश्वरदास "हाव, हाव" म्हणत तिच्या पाठीवरून हात फिरवत राहिला, कुणी काही विचारलं नव्हतं तरी.

बाई दारातून आत आल्या नव्हत्या. तिथूनच मला हळूच विचारलं, "लॅबवाले ते वापस देतीन का?"

"नाही, बाई," मी म्हणाले. "ते तिथेच राहतं."

त्यांनी मान हलवली. "जाऊ दे. पोरगी वाचली." आणि ईश्वरदासला म्हणाल्या, "खड्डा बुजवून टाक."

"थांबा," रीता म्हणाली.

तिनं खाटेखालची बॅग माझ्याकडून वर घेतली. अजून ती उघडलीच नव्हती नीट. आतल्या कप्प्यातून व्हिक्सची डबी काढली आणि बाईंना जवळ बोलावलं. डबीत कापूस होता. कापसावर काळपट, वाळलेला, चिंचोक्याएवढा तुकडा होता, अजून प्लास्टिकच्या चिमट्यात अडकलेला.

"मोहितची नाळ," रीता म्हणाली. "काचीच्या पेटीपाशी तिथल्या सिस्टरनं मले गुपचूप देली होती. मी कोनाले दाखोली नाही. लोकाले नाही मनतो अना घरी नाळ ठेवतो, लोक काय मनतीन? अना खरं सांगू, मातीत द्याले जीव नाही झाला. आपरेशनलेही संग नेली. मनलं, काही झालंच तं हे तरी जवर राहीन." तिनं डबी बाईंच्या हातात ठेवली. "पुरा आता. खड्डा हायच."

बाई त्या तुकड्याकडे बघत राहिल्या. मला वाटलं, आता ही म्हातारी घर डोक्यावर घेणार. इतकी वर्षं जिच्यासाठी दवाखान्याला शिव्या घातल्या ती याच घरात, याच कपाटात! पण बाईंनी फक्त डबीचं झाकण लावलं, पदराच्या टोकात बांधली आणि खाटेवर रीताच्या शेजारी बसल्या.

"मोहितले फोन लाव," म्हणाल्या.

रीतानं लावला. या वेळी अशक्तपणा सांगितला नाही. पिशवी, बरणी, खड्डा, रिपोर्ट, सगळं सांगितलं, मध्ये मध्ये थांबून. मोहित आधी चिडला, मग रडला, मग म्हणाला, निघतो.

"त्याले सांग," बाई म्हणाल्या, "खड्डा उघडाच ठेवून राहिलो. त्याच्याच हातानं पुरू."

तो आला तेव्हा मी तिथेच होते, रीताला लोहाच्या गोळ्या द्यायला गेलेली. पाठीवर बॅग, डोळे सुजलेले, दारातच आईला बिलगायला धावला, तर तिला बघायला आलेल्या बायकांनी "पोट, पोट!" म्हणून ओरडून त्याला थोपवलं. मग त्यानं रीताच्या पायाशी बसून तिच्या मांडीवर डोकं ठेवलं. बाई पदराची गाठ मुठीत धरून हे बघत होत्या. त्यांनी मला कोपरानं ढोसलं आणि कानाशी येऊन म्हणाल्या, "पाह्य वो चंदा, अजून पुरली बी नाही, तं आला."